क्लबात टाकलेल्या पोरी

मालती, परवाच्या पेपरात तुझा फोटो आला. कोणता, ते सांगायला नको. तोच. वेताच्या खुर्चीत मागे रेलून बसली आहेस, एका हातात पत्ते, दुसऱ्या हातात उंच ग्लास, अंगात बिनबाह्यांचा ब्लाउज, आणि कोणीतरी काहीतरी चावट बोलल्यासारखं हसू. खाली छापलंय, 'घाटावरच्या संध्याकाळी रंगवणाऱ्या मालतीबाई'. गेलेल्या बाईच्या फोटोखाली असं लिहितात का, हे विचारायला मी पेपरवाल्याकडे निघालेच होते. चपला घालता घालता मला हसू आलं. तू असतीस तर ते वाक्य वाचलंही नसतंस. आधी ब्लाउज बघितला असतास आणि म्हणाली असतीस, "शिंप्यानं खांद्यात घोळ केलता, दिसून राह्यला का व?"

दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हता. आणि त्या ग्लासात कैरीचं पन्हं होतं, हे आता या गावात फार थोड्यांना माहीत आहे. पन्हं मी केलं होतं. गूळ कमी पडला म्हणून तू तोंड वाकडं केलंस, मी डोळे वटारले, तू हसलीस, आणि तेवढ्यात फोटोवाल्यानं काम उरकलं. त्या हसण्याचा इतिहास एवढाच. पण मुंबईच्या मासिकात ते एकदा छापून आलं आणि कायमचं तुझं झालं. तुझं आणि बुलढाण्याचं.

उद्या क्लबाच्या कमिटीची सभा आहे. 'लेडीज क्लब' हा बोर्ड उतरवून तिथे तुझ्या नावाचा लावायचा, असा ठराव यायचा आहे. 'मालतीबाई स्मृती सदन' की असंच काहीतरी. ठराव मीच मांडावा असं सगळ्यांचं म्हणणं, कारण तो बोर्ड उतरावा म्हणून मी तुझ्याशी किती भांडले हे गावाला ठाऊक आहे. मी हो म्हणून बसले आहे. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसले. तू गेलीस म्हणून आपलं भांडण मिटलं, असं मी धरून चाललेले नाही.

अमरावतीच्या होस्टेलात आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा तुझ्याकडे एक हातआरसा होता. तू तो स्वतःपेक्षा दुसऱ्यांसमोरच जास्त धरायचीस. "अशी नाही, मान जरा तिकडं कर. आता पाह्य." माझं नाक बसकं आहे हे मला घरच्या सगळ्यांनी सांगितलेलं होतं. एका बाजूनं ते बरं दिसतं, हे तुझ्या आरशानं सांगितलं. पुढे तू अख्ख्या गावासमोर तोच आरसा धरलास, असं मला नेहमी वाटत आलंय.

लग्न होऊन तू मलकापूरच्या जिनिंग-प्रेसवाल्यांच्या घरात पडलीस. घाटाखालचा उन्हाळा तुला सोसेना, म्हणून सासऱ्यांनी बुलढाण्याचा जुना बंगला उघडून दिला. मी इथे मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन आधीच आले होते. तू घाट चढून आलीस, आठ दिवस हवेचं कौतुक केलंस, आणि नवव्या दिवशी मला म्हणालीस, "हवा चांगली हाये. पन गावाले सोताचीच लाज वाटते. काऊन व?"

कारण होतं. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं होतं, फायली मुंबईच्या सचिवालयात जायला लागल्या होत्या, आणि तिकडच्या साहेब लोकांना बुलढाण्याची बदली म्हणजे शिक्षा वाटायची. साहेब तोंड पाडून एसटीतून उतरत आणि त्यांच्या बायका बाजारात भाजीवालीचं 'मले-तुले' ऐकून पदर तोंडाला लावत. एका बाईनं तुझ्यादेखत विचारलं होतं, "इथे लोक वेळ कसा घालवतात हो?" तू अगदी त्यांच्यासारख्या मराठीत म्हणालीस, "रविवारी या ना, दाखवते." फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणालीस, "पाह्यजो तू. इथून बदली झाली तं रडत जाईन थे." आणि ती खरंच रडत गेली.

तुझ्या तशा दोन भाषा होत्या. पाहुण्यांशी एक, माझ्याशी एक. रागावलीस की पाहुण्यांसमोरही दुसरी बाहेर यायची.

मग तो क्लब निघाला. बंगल्याचा पुढचा भाग, व्हरांडा आणि आवार. संध्याकाळी बॅडमिंटन, उन्हाळ्यात फुलांचं प्रदर्शन, कोजागिरीला गाणी. अकोल्याच्या पेपरात दर पंधरा दिवसांनी काहीतरी छापून यायला लागलं. घाटाखालचे कापूसवाले मेमध्ये सहकुटुंब वर यायला लागले. खामगावच्या सुना इथे घर भाड्यानं मिळतं का, विचारायला लागल्या. आणि गावाची मोठी गंमत झाली. शिंपी 'बाईसाहेब पद्धतीचा' गळा शिवायला लागला. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं वेताच्या दोन खुर्च्या आणून बाहेर मांडल्या, त्यांच्यावर बसायला मात्र कोणी धजेना. 'आमचं बुलढाणं' म्हणताना लोकांच्या माना ताठ व्हायला लागल्या. मी तुला चिडवायचे की आता फक्त बैलांनी गॉगल लावायचे राहिलेत. पण खोटं कशाला बोलू, मास्तरीण असूनही मी स्वतः चालताना जरा सरळ चालायला लागले होते.

पहिला वाद तिथलाच. मी म्हणायचे, "मालती, या गावात उन्हाळ्यात विहिरीवर भांड्यांच्या रांगा लागतात. त्या पेपरवाल्याला तेही दाखव." तू म्हणायचीस, "रांग पाह्याले कोनी घाट चढून येत नाही व. आधी लोकाइले येऊ तं दे." मी म्हणायचे, येतात ते फुलं बघून परत जातात. तू म्हणायचीस, सगळे जात नाहीत. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की शेवटी शेवटी तुझी वाक्यं मी म्हणायचे आणि माझी तू.

पण बंगल्याच्या मागच्या खोल्या तू मला दिल्यास. खेड्यातल्या मुली सातवी झाल्या की घरी बसायच्या, कारण इथे शिकायला राहायचं कुठे हा प्रश्न. त्या खोल्यांत मी बोर्डिंग काढलं. मेहकरकडच्या मुली आल्या, लोणारकडच्या आल्या, बीबीची शांता आली, सुलतानपूरची विमल आली, हिवरा आश्रमाकडची दुर्गा आली. पुढे बॅडमिंटन आणि मागे पाढे. तू संध्याकाळी खेळून घामाघूम अशी मागे यायचीस आणि मुलींच्या ताटातली भाकर मोडून खायचीस. शांता तुला भ्यायची. दुर्गा मात्र तुझ्या बांगड्या मोजायची.

आणि मग मुंबईचं ते मासिक आलं. गुळगुळीत कागदाचं, सिनेमाच्या बातम्या आणि मोठ्या घरच्या बायकांचे फोटो छापणारं. लिहिणारी बाई चुणचुणीत होती, फोटोवाला अबोल. दिवसभर त्यांनी आवार पाहिलं, घाटाचं वळण पाहिलं, तुला सतराशे प्रश्न विचारले. तू त्यांना मागे बोर्डिंगकडे नेलंस, मला आठवतं. मुली आंघोळी करून, वेण्या घालून ओळीनं उभ्या होत्या. बाईनं "किती गोड" म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. फोटो मात्र व्हरांड्यात घ्यायचा ठरला. मुली तिथेही मागे येऊन उभ्या राहिल्या, तर फोटोवाला म्हणाला, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." त्या बाजूला झाल्या. दोरीवर त्यांचे परकर वाळत होते, तेही काढायला लावले.

लेख छापून आला तेव्हा गाव वेडं व्हायचंच बाकी होतं. स्टँडवरचे सगळे अंक संपले. सलूनवाल्यानं तुझं पान कापून आरशाशेजारी चिकटवलं. 'लेडीज क्लबच्या धुंद संध्याकाळी' असा मथळा होता. लेखात घाट होता, धुकं होतं, तुझ्या साड्या होत्या, पत्त्यांचे डाव होते. बोर्डिंगचं एक अक्षर नव्हतं. मी ते तुला दाखवलं. तू म्हणालीस, "पुढच्या वेळी लिहितीन."

त्यानंतरच्या आठवड्यात बीबीचे नामदेवराव आले. शांताचे वडील. मोठी शेती, शब्दाला वजन, डोक्याला पांढराशुभ्र पटका. एरवी आले की मुलीसाठी शेंगा आणायचे. त्या दिवशी हात रिकामे होते.

"बाई, शांतीले घेऊन चाललो."

"अहो, का? परीक्षा तोंडावर आलीये."

"असू द्या. आमी समजलो होतो बोर्डिंग हाये. तुमी पोरी क्लबात ठेवल्या, हे आमाले मालूमच नाई."

"बोर्डिंगच आहे, नामदेवराव. क्लब पुढच्या बाजूला आहे."

"मंग थेच तं," ते म्हणाले आणि खाली पाहायला लागले. "बायाइचा क्लब. बाजारात साऱ्याइले लेख वाचून दाखोला एका पोट्ट्यानं. फोटो पाह्यला मी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मालती, आपण दोघी या मातीतल्या, आणि दोघींनाही तो शब्द कधी खटकला नव्हता. खेड्यात क्लब म्हणजे बाजाराच्या मागची पत्र्याची खोली, जिथे पैसे लावून तीन पत्ती चालते आणि जिथून माणूस एक तर पोलिसांबरोबर निघतो, नाही तर मान खाली घालून. 'क्लबात बसतो' म्हटलं की त्या माणसाला सोयरीक मिळत नाही. मुंबईच्या बाईनं 'लेडीज क्लब' लिहिलं ते कौतुकानं. बीबीच्या बाजारात ते ऐकलं गेलं बायकांचा जुगाराचा अड्डा म्हणून, आणि पुरावा म्हणून तू तिथे हातात पत्ते आणि ग्लास घेऊन हसत बसलेली. त्या अड्ड्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या पोरी झोपत होत्या. कोणता बाप थांबेल?

कोणी थांबलं नाही. चार दिवसांत पेट्या निघाल्या, वळकट्या निघाल्या. दुर्गा जाताना तुझ्याकडे आली, तुझ्या हातातली एक बांगडी फिरवून पाहिली आणि गेली. तू व्हरांड्यात उभी होतीस. तुझा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, पुढे तुझा नवरा गेला तेव्हाही पाहिला नाही.

राहिली एकटी विमल. तिचे वडील सखाराम सुलतानपूरहून आले ते मला वाटलं, न्यायलाच आले. त्यांनी जयभीम केला, पायरीवर टेकले आणि विचारलं, "शिकवनं चालू हाये ना बाई?"

मी म्हटलं, "चालू आहे. पण लोक काय म्हणतात ते ऐकलंत ना?"

"आयकलं. आमाले लोकाइनं आजलोक काय काय म्हटलं. थ्या शब्दाइचा हिशेब करत बसलो असतो तं पोरगी शाळेतच नसती गेली. राहू द्या तिले."

त्या संध्याकाळी आपण भांडलो ते खरं भांडण. मी म्हटलं, बोर्ड आजच्या आज उतरव. 'महिला मंडळ' लाव, 'वनिता समाज' लाव, काहीही लाव, पण तो शब्द काढ. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, तुला गावापेक्षा तुझा बोर्ड प्यारा आहे. तू म्हणालीस, "बोर्ड उतरोला तं आपन कबूल केलं का इथं जुगार होता म्हून. मंग त्या पोरी जल्मभर कोनच्या तोंडानं सांगतीन, कुठी शिकलो थे?" मी म्हटलं, शब्द लोकांचा असतो मालती, आपण बदलू शकत नाही. तू उठलीस आणि म्हणालीस, "मंग लोकाइलेच घेऊन येतो इकडं."

बीबीला जायचं ठरलं तेव्हा मी तुला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज काढून दिला आणि म्हटलं, एसटीनं जाऊ. तू दोन्हींतलं काही ऐकलं नाहीस. तशीच गाडीत बसलीस, तशाच कपड्यांत. "सोंग घेऊन गेली तं म्हनतीन, फोटो खरा होता म्हून झाकून आली." मेहकर मागे गेलं तरी तो ब्लाउज मी मांडीवरच धरून होते. बीबीत गाडी थांबली तेव्हा पोरंसोरं, म्हातारे, सगळे नामदेवरावांच्या ओट्यासमोर जमले. बाजारातल्या पानावरची बाई प्रत्यक्ष उतरताना पाहायला मिळत होती, कोण सोडेल?

तू ओट्यावर बसलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "काऊन हो पाटील, पोरगी नेली आन् आमाले चहाले पन बलावलं नाई?"

नामदेवराव गडबडले. "बाई, तुमी आमच्यावानी बोलता?"

"मंग कोनावानी बोलू? फोटोतली बाई बोलत नाई, म्हून तुमाले समजलं नाई."

आतून कोणी बाई हसली. शांताची आई असावी. तू तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "पुढच्या इतवारी क्लबात रोडगे हायेत. तुमी या, तुमच्या मानसालेही आना."

रोडगे म्हटल्यावर ओट्यावरच्या सगळ्यांचे चेहरे बदलले. आपल्याकडे रोडगे कोणी मजेखातर करत नाही. नवस फिटला की शेतात, देवासमोर, गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि सगळ्या गावानं खायचे. नामदेवरावांनी डोळे बारीक केले. "क्लबात रोडगे? देव कोनता हाये त्या क्लबात?"

"देव नाई. नवस हाये."

"कायचा?"

"पोरी वापस आल्या पायजेत."

नवस फिटायच्या आधीच रोडगे, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला माहीत नाही. नामदेवरावांनाही माहीत नव्हतं. पण रोडग्यांचं आवतण मोडायचं नसतं, एवढं त्यांना माहीत होतं. तुलाही ते माहीत होतं, लबाड.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॅडमिंटनच्या मैदानात गौऱ्या रचल्या होत्या. साहेबांच्या बायका व्हरांड्यात नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. बीबीचे आले, सुलतानपूरचे आले, मेहकरकडचे आले, पोरींच्या आया आल्या. तू पदर खोचून कणकेसमोर बसलीस. रोडगा म्हणजे कणकेच्या वाट्या एकात एक बसवून गोळा वळायचा असतो. तुझा पहिला गोळा फाटला, दुसरा फाटला. तिसऱ्याला नामदेवरावांना राहवलं नाही. पटका काढून त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उठा बाई. तुमाले हे जमाचं नाई."

मग कोणी पाहुणा उरलाच नाही. रोडगे भाजताना आपल्याकडे कोणी बसून राहत नाही, ते तसलं जेवणच नाही. एकानं वांगी चिरली, एकानं वरणाचं पातेलं चढवलं, सखाराम निखारे सारखे करायला बसले. पुण्याच्या एका बाईनं शेवटी रुमाल कमरेला खोचला आणि गौरी फुंकायला वाकली. डोळ्यांत धूर गेला म्हणून ती रडली आणि सगळ्या बायका हसल्या. मैदानातलं गवत जळलं ते जळलंच. तिथे आजही काळं टक्कल आहे.

पंगत कशी बसवायची हा प्रश्न कोणी काढला नाही, कारण तू आधीच सखारामांना पहिल्या पाटावर बसवून शेजारी स्वतः बसली होतीस. नामदेवराव थोडा वेळ उभे राहिले. मग तुझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि तूप मागितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी मागच्या खोल्या पाहिल्या. विमलचा अंथरुणाचा गुंडाळा, भिंतीवरचं वेळापत्रक, रिकाम्या खुंट्या. बाहेर येऊन त्यांनी तुला विचारलं, "आन् पत्ते कुठी हायेत?"

तू पत्ते आणून त्यांच्यासमोर ठेवलेस. मेंढीकोटाचा डाव पडला. त्यांनी पहिल्याच डावात तुला चीत केलं, मिशीत हसले आणि हळूच विचारलं, "पैशे नाई लावत?"

"नाई."

"एक आना पन नाई?"

"नाई हो."

"मंग खेळता कायले?" ते अगदी मनापासून म्हणाले.

तू मागे रेललीस आणि हसलीस. मालती, तेच हसू होतं, फोटोतलं. त्या दिवशी पन्ह्यात गूळ बरोबर होता.

शांता पुढच्या आठवड्यात आली. मग एकेक करून बाकीच्या. सगळ्या नाही. दुर्गा आली नाही. तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. आपला दुसरा वाद तिथून सुरू झाला आणि तो मिटला नाही. मी म्हणायचे, त्या फोटोनं ती पोरगी घालवली. तू म्हणायचीस, त्याच फोटोनं पुढे बोर्डिंगचा वरचा मजला बांधला, कारण घाटाखालचे शेठ लोक त्या क्लबाचं नाव ऐकून होते म्हणूनच त्यांनी हात सैल केला. दोन्ही खरं होतं. दुर्गाचं नाव काढलं की तू बांगड्या फिरवायचीस. मी ते पाहायचे आणि तरी बोलायचे.

रोडग्यांचे फोटो तू स्टँडवरच्या फोटोवाल्याकडून काढून त्या मासिकाला पाठवले होतेस. त्यांनी छापले नाहीत. कळवलं की या अंकात जागा नाही. पुढच्याही अंकात नव्हती. त्यांना हसणाऱ्या बायका पाहिजे होत्या, गौऱ्या फुंकणारे बाप घेऊन ते काय करणार? म्हणून बुलढाणा बाहेरच्यांसाठी तसंच राहिलं, धुक्यातलं, पत्त्यांतलं. आता तू गेलीस तरी पेपरवाल्याला तोच फोटो सापडला.

अकोल्याच्या दवाखान्यात मी शेवटची आले तेव्हा तू डोळे मिटूनच विचारलंस, "मास्तरीन, तुले अजून वाटते का, मी त्या मासिकवाल्याइले बलवाले नव्हतं पायजे?" मी म्हटलं, आता बोलू नकोस, पडून राहा. तू म्हणालीस, "म्हंजे वाटते." आणि नर्स आली.

मालती, मला काय वाटतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरं एक माहीत होतं आणि तेही मी कधी बोलले नाही. तो फोटो मला आवडतो. त्या मासिकातलं ते पान माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहे, पहिल्या दिवसापासून. तुझ्यावर सगळ्यात चिडले होते तेव्हाही होतं. तू त्यात फार सुंदर दिसतेस. हे सांगितलं असतं तर तू भांडण जिंकल्यासारखी वागली असतीस, म्हणून राहून गेलं.

आता उद्याचं. आज सकाळी मी ठरावाचा मजकूर मनात जुळवत फाटकात उभी होते. एक माणूस पोरीला घेऊन रस्त्यावरून आला. त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, पोरीच्या हातात दप्तर. एसटीची धूळ दोघांच्याही केसांत. हे गाव त्याच्या ओळखीचं नव्हतं, मीही नव्हते, आणि तू कोण हे तर त्याला ठाऊकच नव्हतं. बीबीच्या पलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरचा. बोर्डाकडे त्यानं पाहिलं, पण त्याला वाचता येत नसावं, कारण त्यानं मलाच विचारलं.

"बाई, क्लब हाच का?"

"हो. काय काम आहे?"

"पोरीले क्लबात टाकाची हाये."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, लाज नव्हती. शाळेत टाकायची, दवाखान्यात न्यायची, तसं तो म्हणाला होता. मी विचारलं, "क्लब म्हणजे काय, माहीत आहे ना तुम्हाला?"

त्याला माझा प्रश्न येडपटासारखा वाटला असावा. "हाव," तो म्हणाला. "पोरी शिकतात थे. आमच्याकडं सारेच म्हनतात. सुलतानपूरच्या विमलबाई मास्तरीन हायेत ना, थ्या क्लबातल्याच. थ्याइनंच सांगतलं, पोरीले क्लबात टाका."

पोरगी बोर्ड वाचत होती. 'लेडीज' तिला जड गेलं, 'क्लब' मात्र तिनं बरोबर वाचलं आणि बापाकडे पाहून मान हलवली. मी त्याच्या डोक्यावरची पेटी घ्यायला गेले, तर त्यानं घेऊ दिली नाही.

मी म्हटलं होतं ना, शब्द लोकांचा असतो, आपण बदलू शकत नाही. तू म्हणाली होतीस, लोकांनाच आणते. उद्या सभेत मी उभी राहणार आहे आणि ठराव मांडणार नाही. सांगणार आहे की तो बोर्ड कोणी हलवायचा नाही, पावसात रंग गेला तर त्याच अक्षरांत पुन्हा रंगवायचा. सगळे माझ्याकडे बघतील. म्हणतील, बाई, तुम्हीच तर भांडत होतात.

भांडत होते. भांडण मी हरले, मालती. हे तू जिवंत असताना ऐकायला पाहिजे होतंस.